जिन्याच्या खालून मारलेली हाक

पांडेसऱ्याच्या कापडगिरण्यांच्या वस्तीत, आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातल्या एकाच गावची. गावकीचे आप्पा डाईंग मिलमधून निवृत्त झालेले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची दारं त्यांनी कॉलेजातल्या मुलामुलींना वाटून दिली होती. रोज सकाळी जायचं, हाक मारायची, उत्तर घ्यायचं. अकरा वाजता आप्पांचा फोन येई. "काय म्हणाली?" एवढंच विचारत. नुसती हाक मारणाऱ्याला म्हणत, "तू काय भाजी विकायला गेला होतास?"

माझ्या वाट्याला जिजी आली. दुसऱ्या मजल्यावर एकटी, मुलं शहराबाहेर कडोदऱ्याला. माझ्या हाकेला तिचं उत्तर ठरलेलं असे, "जित्ती शे अजून! जाय तू कॉलेजले."

चौथ्या महिन्यात मी जिना चढणं सोडलं. खालूनच हाक मारायची. वरून तिच्या टीव्हीवरची भजनं ऐकू आली, की बस पकडायची. लग्नसराईमुळे तिच्या मजल्यावरचे सगळे तेव्हा गावी गेले होते.

त्या गुरुवारी अकराला फोन आला.

"काय म्हणाली?"

"जित्ती शे म्हणाली."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, की तिचा आवाज मी आदल्या दिवशीही ऐकला नव्हता. तास सोडून मी रिक्षा केली. वाटेत तिला शेवटचं कधी पाहिलं ते आठवत होते. आठवत नव्हतं.

दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या. एक फुगलेली. म्हणजे कालपासून दार उघडलं नव्हतं. आत टीव्ही मोठ्याने चालू. मी हाका मारल्या, दार बडवलं. मग आप्पांना फोन केला. ते येईपर्यंत मी एकच गोष्ट केली: दोन्ही पिशव्या काढून दप्तरात टाकल्या.

खालच्या कारखान्यातल्या दोघांनी दाराची आतली कडी तोडली. जिजी मोरीपाशी पडलेली होती. डोळे उघडे. ओठांना भेगा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "मी ओ दिधी वं. दोन्ही दिन."

ती उत्तर देत होती. खाली फक्त टीव्ही पोचत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ पडून होत्या?"

आप्पा माझ्याकडे वळले. "हिला आज सकाळी जिजीने उत्तर दिलंय. त्यानंतरच."

"आतेच पडनी, भाऊ," जिजी म्हणाली. मला वाचवायला.

डॉक्टर लिहू लागले. दप्तरातून आंबट वास येत होता. मला आप्पांची भीती वाटत होती, गल्लीची त्याहून जास्त. पण त्या कागदावर चुकीची वेळ उतरत होती आणि त्यावरून तिचे उपचार ठरणार होते.

"काल सकाळपासून," मी म्हटलं. पिशव्या काढून टेबलावर ठेवल्या. "मी वर गेलेच नव्हते."

डॉक्टरांनी आधीचं खोडलं, नर्सला हाक मारून सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. पिशव्या आप्पांनीच उचलून बाहेर टाकल्या.

जिजी बारा दिवसांनी घरी आली. दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला.

"काय म्हणाली?"

मी दारातच उभी होते. टीव्ही बंद करून घेतला होता. फोन आत नेऊन तिच्या तोंडाशी धरला. ती बोलेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही.

अजूनही रोज अकराला, ती बोलेपर्यंत, घेत नाही.