पनीरच्या पाण्यावरची चूल

"आज वास येतोय काय वो, भावजी?"

सकाळी दुधाचे कॅन टेम्पोतून उतरवून घेतले की वयनी आमच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहत, नाक जरा वर करत आणि हे विचारत. पुढचं वाक्यही ठरलेलं असे. "खरं सांगा. माझ्या बरं वाटण्यापायी नको."

मी खरं तेच सांगायचो. थोडा येतो. काल येत होता, आज नाही. आज वारा उलटा आहे, सांगता येणार नाही. त्यावर त्या म्हणायच्या, "घरात जेवण कसं झालंय ते पण असंच सांगता काय? धन्य तुमच्या बायकोची."

सगळी वाडी त्यांना वयनी म्हणे, म्हणून मीही. त्यांची डेअरी उताराच्या वर, आमचं घर खाली. आसपासच्या गावांतून दूध घेऊन त्या पनीर आणि चक्का करत. वाडीतल्या सहा बायकांची घरं त्या कामावर चालत.

पनीरचा हिशेब तुम्ही कधी केला नसेल, म्हणून सांगतो. शंभर लिटर दुधातून पनीर निघतं फार तर अठरा किलो. बाकी सगळं हिरवट, आंबूस पाणी. थोडं वाडीतल्या म्हशी पितात. उरलेलं वयनी परसातल्या खड्ड्यात सोडत. आमची जमीन जांभ्याची, म्हणजे दगड असून चाळणीसारखी. डेअरी सुरू झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. आईने भात शिजवला आणि तसाच गुरांपुढे नेऊन ठेवला.

मी कळशी घेऊन वर गेलो. भांडणाची तयारी करूनच गेलो होतो. वयनींनी कळशीत नाक घातलं आणि म्हणाल्या, "माझंच पाणी हाय ह्ये." वाद घालायला काही उरलंच नाही. त्याच दिवशी त्यांनी खड्डा बुजवून घेतला. पण रोजचं नवं पाणी जाणार कुठे? वाडीची बैठक बसली आणि ठरलं, की गणपतीपर्यंत सोय करा, नाहीतर डेअरी बंद.

त्यांनी गॅसचा प्लांट बसवून घेतला. गोबरगॅससारखाच, फक्त शेणाच्या जोडीला पनीरचं पाणी खाणारा. खाली टाकी आणि वर पालथा निळा ड्रम. गॅस भरला की ड्रम वर येतो, वापरला की खाली बसतो. बसवायला आलेल्या माणसाने समजावलं, की आतल्या जिवाणूंना हळूहळू सवय लावा. वयनींनी एवढंच ऐकलं की आत जीव आहेत. त्यानंतर बाळंतिणीला जपावं तसं त्यांचं सुरू झालं. आधी पातळ, मग जरा जास्त. ड्रमवर तळहात ठेवून कामाच्या बायकांना म्हणायच्या, "वाईच थांबा गो, अजून जिरलं नाय तिला."

पहिला जाळ धरला तेव्हा त्यांनी सगळ्या वाडीला चहा पाजला. जाळ निळा होता, चहाला कसलाही वास नव्हता. मी दोनदा प्यायलो, खात्री करून घ्यायला. पुढे दूध तापवणं, कॅन धुण्याचं गरम पाणी, सगळं त्याच चुलीवर होऊ लागलं. टाकीतून बाहेर पडणारी पातळ राड आमच्या कलमांना जाऊ लागली आणि माझ्या उत्तरांत 'नाही' वाढू लागलं.

मग गणपती जवळ आले. गणपतीआधी आपल्याकडे घर कसं घासूनपुसून काढतात ते तुम्हाला ठाऊक आहे. वयनींनी बायकांना सांगितलं, भिंतीसुद्धा सोडू नका. त्यांनी फिनेल आणि ब्लीचिंग पावडरने डेअरी लख्ख केली. मोरीचं पाणी सरळ टाकीत जात होतं, हे त्या गडबडीत कोणाच्याच लक्षात आलं नाही. आतले जीव मेले. दोन-तीन दिवसांत ड्रम खाली बसला आणि बाहेर पडणाऱ्या राडीला जुनाच वास सुटला.

बैठक देवळात बसली. चाकरमानी मुंबईहून येऊन दाखल झालेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वास पहिल्यांदा आमच्याकडे येतो. मी म्हणालो, "येतो." त्या सहा बायका समोरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

वयनी उठल्या. "भावजी खरं बोलले. टाकी माझ्या सांगण्यावरनं मेली, पोरींचा काय दोष नाय. ती बरी होईस्तवर मी पनीर लावणार नाय."

गणपतीतच वर्षाचं निम्मं पनीर खपायचं. कोणीतरी विचारलं, घेतलेल्या ऑर्डरींचं काय. त्या म्हणाल्या, "पैसे परत करीन. नायतर पाणी तुमच्या बावीत सोडू काय?" बाव म्हणजे विहीर. बैठक तिथेच संपली. डेअरी बंद करा, असं म्हणायला कोणी उठलंच नाही.

प्लांटवाल्याने फोनवर सांगितलं, की निम्मी टाकी उपसा आणि ताजं शेण भरा. वयनींकडे एकच गाय. दुसऱ्या दिवशी आरत्या आटोपल्यावर ज्याच्या गोठ्यात जे होतं ते वर जाऊ लागलं. मुंबईत एसीत बसणारी मुलं जीन्स दुमडून घमेली वाहत होती. वयनी फाटकाशी उभ्या राहून टोमणा मारल्याशिवाय एकालाही सोडत नव्हत्या. "पगार येवढा मोठा आणि घमेलं अर्धं? आईला सांगू काय?" मीही आमच्या दोन्ही गुरांचं नेलं. दिवाळीच्या सुमारास ड्रम पुन्हा वर आला.

त्यानंतर डेअरी कैक वर्षं चालली, आजही चालते. आमची विहीर निवळली. मी दर रविवारी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाला धरतो, म्हणून खात्रीने सांगतो. शेजारच्या माणसाने चूक आपली म्हणावी आणि ती निस्तरावी, हे मला त्यांच्यामुळे बघायला मिळालं. त्याचे आभार कसे मानतात ते मला कधी जमलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी त्यांना बसवलं. डेअरी त्या सहाजणींच्या हाती देऊन त्या मुलीकडे चिपळूणला निघाल्या. रिक्षा वर उभी होती. त्या काठी टेकत उतार उतरून आमच्याकडे आल्या आणि पायरीवर बसल्या. हिने चहाचं विचारलं.

"चहा नको. बावीचं पाणी द्या."

मी ताजं शेंदून आणलं. त्यांनी तांब्या वर धरून घटाघटा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या पुन्हा माझ्यापुढे केला.