फक्त कड बघ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सातपूरच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, ती पितळी रिंगांचे फोटो काढण्याची. मनमाडला वडील रेल्वेत होते. "पोरगा कॉम्प्युटरवर आहे," असं ते शेजाऱ्यांना सांगत. फोटो कशाचे, हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही.

काम असं, की पट्ट्यावरून रिंगा येणार, वरचा कॅमेरा प्रत्येकीचा फोटो काढणार आणि कडेचा टवका उडालाय का, ते कॉम्प्युटर सांगणार. उडाला असेल तर ती रिंग बाजूला पडणार. तोवर हे काम एक मावशी करत. खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसून त्यांनी पंधरा वर्षं रिंगा तपासल्या होत्या. माझी चाचणी पास झाली की ते स्टूल उठणार आणि मावशी पॅकिंगला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी कुणी बसत नसे. मावशी तेवढ्या बसायच्या. वर लसणाची चटणी वाढायच्या, आणि ती मला जरा जास्तच झोंबायची.

माझा प्रोग्रॅम मात्र ढिम्म. सेकंदाला एक रिंग यायची आणि मला एकीला अडीच सेकंद लागायचे. मी कॉम्प्युटरला दोष दिला, कॅमेऱ्याला दिला, सातपूरच्या विजेलाही दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

एकदा मावशी माझ्या पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझं खोकं एवढं काय बघत बसतं रे?"

"पूर्ण फोटो. त्यातला प्रत्येक ठिपका."

"मधलं भोक बी?"

"हो."

"भोकात काय हाय? टवका कडेलाच उडतो ना? मग फक्त कड बघ."

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मी भोकं तपासत होतो.

"अन् एक रिंग तपासून होईस्तोवर कॅमेरा झोपतो कशाला? तुझी आई एक भाकरी तव्यावर असताना दुसरी थापती का नाय?"

मी निमूटपणे मेमरीत फोटोंसाठी दोन जागा केल्या. एकीत नवा फोटो उतरत असताना दुसरीतला तपासायचा, आणि त्यातलीही कड तेवढीच बघायची. रिंगा भराभर निघू लागल्या. मी आनंदाने ओरडलो, मग खिडकीकडे लक्ष गेलं. ज्यांनी शिकवलं त्यांचंच स्टूल मी काढून घेत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

चाचणीला मोठ्या साहेबांनी टोपलीभर रिंगा पट्ट्यावर सोडल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कॉम्प्युटरने एक चकचकीत रिंग बाजूला टाकली. साहेबांनी ती उजेडात फिरवून पाहिली.

"ही तर चांगली आहे! मावशी, तुम्ही बघा."

मावशींनी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. एका जागी ते थांबलं.

"हितं हाय."

भिंगाखाली पाहिलं, तर केसाएवढा टवका होता. चाचणी पास झाली. सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. मी मात्र मावशींकडे बघत राहिलो. त्यांनी त्या रिंगेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बसथांब्यावर मी धीर करून रिंगेकडे न बघण्याचं कारण विचारलं. त्या हसल्या.

"दोन वर्षं झाली, समदं धुरकट दिसतं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. पॅकिंगला डोळं लागत नाय. म्हणून तर तुझ्या मागं लागले होते. तू लय उशीर केला बाबा."

समोरून बस आली. "पाटी वाच बरं," त्या म्हणाल्या.

मी पाटीऐवजी त्यांच्या डोळ्यांकडेच बघत राहिलो.

"आटप की! तुझं खोकं सेकंदात सांगतं."