दम धरायचा नाही: हॅवलॉकच्या समुद्रात नणंद-भावजय

नसरापूरच्या महिला मेळाव्यात मी माईकवर गरजत होते. "बाईला पाण्याची भीती कुणी घातली? उतरा पाण्यात!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून माझी थोरली नणंद उभी राहिली.

"वैनी, तुमी समुद्रात कवा उतरला?"

मंडप हसला. मी तिथेच जाहीर केलं, "येत्या फेब्रुवारीत अंदमानला जाऊन समुद्राच्या तळाशी उतरणार. आणि वन्सं, तुम्हीही माझ्याबरोबर!" दोनशे बायांसमोर दिलेला शब्द. आता माघार नाही.

भोरहून एसटी, पुण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे पोर्ट ब्लेअरला विमान. हॅवलॉक बेटाच्या बोटीचं तिकीट उतरल्या उतरल्या काढा. आम्ही आधी जेवायला बसलो आणि त्या दिवसाची बोट गेली. दुसऱ्या दिवशी चार तास डेकवर वाऱ्यात बसलो. खाली केबिनमध्ये बसलेले पुण्याचे एक काका तोंडाला पिशवी लावूनच बेटावर उतरले. वन्संनी तोवर शेंगदाण्याच्या लाडवांचा निम्मा डबा संपवला होता.

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात एकदा खाली नेण्याचे माणशी साडेतीन हजार. महाग आहे, तरी करा. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण शिकवणारा सोबत असतो. आमचा शिक्षक मालवणचा निघाला. छातीभर पाण्यात उभं करून त्याने पहिला नियम सांगितला: नळीतून श्वास सतत घ्यायचा, सतत सोडायचा. रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते.

मी वेल्ह्याकडच्या वाडीत वाढले. तिथे विहिरीत सूर मारून तळाची माती मुठीत वर आणली तरच पोहणारी म्हणायचे. माझी मूठ कधी रिकामी आली नाही. पण त्यापायी डोकं पाण्यात गेलं की माझा श्वास आपोआप बंद. शिक्षकाने तीनदा वर काढलं.

"मॅडम, बुडबुडे कुठायत?"

आणि वन्सं? पोहता येत नाही, पण पातेल्यात आधण आल्यासारखे बुडबुडे!

"यांना उद्या नेतो. तुम्हाला नाही नेता येणार," तो म्हणाला. मी वीस मिनिटं वाद घातला. समुद्रावर वाचलेलं सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "सगळं बरोबर आहे. पण खाली मला भाषण नको, बुडबुडे हवेत. सकाळी बोट निघायच्या आधी एकदा बघतो."

संध्याकाळी वन्संनी पाण्याने भरलेली बादली माझ्या डोक्यावर दिली. त्या राजगडाच्या पायथ्याच्या पालीच्या, ट्रेकिंगवाल्यांना विकायला डोक्यावरून गडावर ताकाची कळशी नेतात.

"वझ्याखाली दम धरला की पाय लटपटत्यात. पाऊल टाकलं की सोडायचा. हूं! चला."

"वन्सं, लोक बघतायत."

"बगू द्या. मंडपात दोनशे बगत व्हत्या, तवा न्हाई लाजला?"

अंधार पडेपर्यंत वाळू तुडवली. पदर, केस, सगळं भिजलं.

सकाळी पाण्यात डोकं घातलं आणि मनातल्या मनात राजगड चढू लागले. पाऊल, श्वास. पाऊल, श्वास. शिक्षक दहा मिनिटं बघत राहिला आणि त्याने नुसतं बोटीकडे बोट दाखवलं. शिडाचीच बोट घ्या. शीड फुगलं की फक्त पाणी कापल्याचा आवाज येतो.

आठ मीटर खाली. एक मासा पोवळं कुरतडत होता आणि ती करकर स्पष्ट ऐकू येत होती. मग हातभर अंतरावरून कासव गेलं. मी थक्क झाले, आणि पुन्हा श्वास अडकला! शिक्षकाच्या पलीकडून वन्संनी ते पाहिलं. त्या पाण्यातच पाय उचलून चढण चढल्यासारख्या चालू लागल्या. मी श्वास सोडला.

घरी येऊन महिना झाला. माशांचे रंग पुसट व्हायला लागलेत. राहिलं ते एवढंच: जिथे माझा एकही शब्द चालत नव्हता, तिथे मी एका बाईचं ऐकलं आणि तरले. आयुष्यभर बायांना ऐकवत आलेल्या मला हे पन्नाशीत कळलं.

परवा पालीला गेले तेव्हा वन्संना विचारलं, "परत याल?"

"येते की. पन तवा तुमी गप बसून यायचं."

अट जड आहे. पण मान्य केली.