टिटवी वर्गाची पाच यानं

आमच्या विक्रोळीच्या चाळीतल्या गुणाजी मेस्त्रीने अंतराळयानं बांधली, हे सांगितलं की लोकांना थाप वाटते. सांगणारा मी असल्यामुळे जरा जास्तच वाटते. पण गोष्ट पंच्याऐंशी सालची आहे, आणि तिचा निम्मा भाग मला गुणाजीच्या बायकोने, सुलक्षणानेच पुरवला, तोही मी न विचारता.

गुणाजी पोलाद ओतणाऱ्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होता. जो भाग पोलादाचा हवा तो त्याने आधी लाकडात घडवायचा, मग त्याचा ठसा वाळूत घेऊन त्यात रस ओतायचा. चौदा वर्षांत आपला एकही नमुना नापास झाला नाही, हे तो इतक्यांदा सांगे की नळावरच्या बायका त्याच्याआधी वाक्य पुरं करीत. त्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं. गुणाजी हत्यारांची पेटी घेऊन घरी आला आणि दोन महिने सुलक्षणाला कांदा कसा चिरावा ते शिकवत बसला. त्यामुळे मालाडच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं तेव्हा जास्त आनंद कुणाला झाला, ते सांगायला नको.

स्टुडिओत टीव्हीसाठी अंतराळातल्या आरमाराची तेरा भागांची मालिका चालली होती. कलादिग्दर्शक अनंत नावाचा दाढीवाला तरुण होता. त्याला टिटवी वर्गाची पाच यानं हवी होती. आरमारात एकाच नकाशावरून बांधलेल्या जहाजांचा वर्ग असतो, तसा हा. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत अठरा इंच, पाचही हुबेहूब, फरक फक्त पाठीवरच्या आकड्यात. ही यानं ज्या मोठ्या मातृयानाच्या पोटात शिरणार, ते बांधायला वर्सोव्याच्या जॉनीला आणलं होतं. जॉनी होड्या बांधणारा. तो फूटपट्टी वापरत नसे. माप घ्यायचं ते बांबूच्या कामटीवर सुरीने खूण करून. मातृयानाचं दार अठरा इंच दोन सूत ठेवायचं ठरलं होतं; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आणि अनंतने दोघांनाही सांगून ठेवलं होतं की पुढच्या तेरा भागांसाठी दोघांतला एकच मिस्त्री ठेवायचा आहे. तेव्हापासून दोघं एकमेकांना चहा पाजत होते. इतकं गोड वागणं बरं नव्हे, असं मी सुलक्षणाला तेव्हाच म्हटलं होतं.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी पहिली टिटवी दाराशी नेली, आणि ती अडकली. दुसरी अडकली. पाचही अडकल्या. गुणाजीने खिशातून आपली पोलादी पट्टी काढली. यान भरलं बरोबर अठरा इंच. दार अठराला एक सूत कमी. म्हणजे जॉनीने तीन सूत खाल्ले. जॉनीने कामटी पुढे केली, तर अनंत हसला. पोलादापुढे बांबूचं कोण ऐकणार? उद्या सकाळी येऊन हत्यारं घेऊन जा, असं जॉनीला सांगण्यात आलं. परतताना गुणाजीने स्टेशनबाहेर दोन प्लेट भजी खाल्ली, ही माहिती पक्की आहे.

संध्याकाळी सुलक्षणा घराच्या दाराचा पडदा शिवायला बसली होती. तिने शिवणाच्या टेपने दार मोजलं आणि खात्रीसाठी नवऱ्याच्या पट्टीनेही मोजलं.

"अहो, तुमची पट्टी लांब आहे," ती म्हणाली.

गुणाजी आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच फुटामागे दोन सूत वाढवलेली असते. चौदा वर्षं त्याचा हात त्याच पट्टीवर चालला होता. साधा फूट केवढा असतो, हे तो विसरूनच गेला होता. अठरा इंचांना तीन सूत जास्त. जॉनीचं दार बरोबर होतं, यानं मोठी होती.

कुणाला बोलू नकोस, असं त्याने बायकोला विनवलं. ती कुणाला बोलली नाही. मला बोलली, पण मला कुणी मोजत नाही. तिने एवढंच विचारलं, "जॉनीच्या घरी पण बायको असेल ना हो?"

गुणाजी जेवला नाही.

सकाळी तो स्टुडिओत पोचला तेव्हा जॉनी करवती गोणपाटात गुंडाळत होता. गुणाजीने अनंतसमोर पट्टीची हकिकत सांगितली. सांगताना ती पट्टी किती नामी आहे, पोलादासाठी तिच्यासारखी दुसरी नाही, हेही सांगून झालं.

"ते राहू दे रे," जॉनी म्हणाला. "चूक कुणाची?"

"माझी," गुणाजी म्हणाला.

अनंतने कपाळ धरलं. रंग दिलेले पंख तासायला वेळ नव्हता. त्याने तिथल्या तिथे कथाच बदलली: टिटवी वर्गाची यानं मातृयानाच्या आत जात नाहीत, बाहेरून चिकटून राहतात. पुढे एका मास्तरांनी पत्र लिहून यामागचं विज्ञान विचारलं, तेव्हा अनंतने त्यांना गुरुत्वाकर्षणावर दीड पान लिहून पाठवलं.

पुढचं काम अर्थातच जॉनीला मिळालं. हाताखाली एक माणूस घेण्याची मुभाही. गुणाजी पेटी उचलून निघाला होता. जॉनी मात्र कामटी घेऊन पाचही यानं एकेक करून तपासत बसला होता. शेवटचं यान खाली ठेवून तो अनंतला म्हणाला, "साहेब, हाताखाली हाच द्या. पाच वेळा चुकला, पण पाचही वेळा तेवढाच. माझ्या दोन होड्या कधी सारख्या झाल्या नाहीत."

चौदा वर्षांचा पॅटर्नमेकर होडीवाल्याच्या हाताखाली राबतो, म्हणून चाळीत महिनाभर चर्चा चालली. ती सुरू कुणी केली, ते आता विचारू नका. गुणाजीने मनावर घेतलं नाही. त्या दोघांनी मिळून शत्रूपक्षाची अकरा यानं बांधली. ती सगळी त्यांच्या मातृयानाच्या दारातून सुरळीत आत गेली, आणि त्यांच्याबद्दल कुणीच पत्र पाठवलं नाही.