छत आणि शिडी

रंगारीकाकांनी तीस वर्षांत शिडीवर दुसऱ्या कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. काकू खाली भेगा बुजवायची लांबी कालवायच्या, कडा रंगवायच्या. छत आणि वरची भिंत ही काकांची जहागीर. पण डावा हात उचलला की कुशीत कळ यायला लागली, तरी काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. ‘वरचं उद्या करू’ म्हणत आठवडाभर खालचीच भिंत रंगवत बसले, तेव्हा काकूंनी बाह्या सरसावल्या आणि त्या स्वतःच वर चढल्या.

तपासणीत काकांच्या डाव्या मूत्रपिंडावर पाण्याची गाठ निघाली. साधीच, पण मोसंबीएवढी. डॉक्टरीणबाईंनी सुईने पाणी काढलं आणि काका शीळ घालत घरी आले. चार महिन्यांत गाठ पुन्हा टम्म.

“आता दोन वाटा आहेत, काका,” बाई म्हणाल्या. “पुन्हा सुईने पाणी काढू, पण या वेळी आत औषध सोडू. पिशवीचं अस्तर वाळतं, पाझर थांबतो. जागेपुरती भूल, संध्याकाळी घरी. फक्त कधीकधी एका खेपेत भागत नाही. नाहीतर दुर्बिणीतून, तीन छोटी भोकं पाडून, पिशवीचं वरचं आवरण कापू. पूर्ण भूल, दोन-तीन दिवस इथे, महिनाभर जड काम बंद. पण पुन्हा भरायची शक्यता बरीच कमी.”

“सुई,” काका लगेच म्हणाले. त्यांना कापाकापीची भीती नव्हती. महिनाभर खाली बसलो तर शिडी कायमची गेली, ही भीती होती.

“अहो, फुगलेला रंग टोचून दाबायचा नाही, खरवडायचाच, म्हणून गिऱ्हाइकांशी भांडतं कोण?” काकूंनी विचारलं.

काकांचा चेहरा पडला. “बरं, खरवडा. पण अगदी तळापर्यंत. अर्धवट काम मला खपत नाही.”

“तळ म्हणजे तुमचं मूत्रपिंडच आहे,” बाई हसल्या. “तो खरवडला तर भिंतच जाईल. झाकण उडवायचं, तळाला हात लावायचा नाही.”

असलं काम आपण कुणाला करून दिलं नसतं, असं पुटपुटत काकांनी सही केली.

दुखणं गेलं. दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली आणि काका तडक कामावर पोचले. काकू शिडीवर होत्या. छताचा शेवटचा कोपरा राहिला होता.

“उतर आता. मी आलोय ना.”

“एवढं संपवते.”

काकांनी मान वर केली. खोट काढायचीच होती. पण सबंध छतावर ब्रशचा एक ओरखडा नाही, कुठे जाड-पातळ नाही. त्यांच्या हातून असं छत कधी उतरलं नव्हतं. जिवाला लागलं, आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

“कसं झालंय?” वरून प्रश्न आला.

“माझ्यापेक्षा चांगलं,” काका म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य काकांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. काकूंचा ब्रश क्षणभर थांबला.

“मग उतरू?”

“नको,” काका म्हणाले, आणि शिडी हलू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.