मुठीचा तांदूळ

काम नसताना घरी येणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. काम सांगून येणारा बरा. त्याला हो म्हणा, नाही म्हणा, तो निघून जातो. पण जो येऊन बसतो, कोरा चहा पितो, "बरं आहे ना?" एवढंच विचारतो आणि जातो, तो काहीतरी हेरायला आलेला असतो, असं माझं मत होतं. अजूनही ते पुरतं गेलं आहे असं नाही.

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या छोट्या चर्चला नवे पास्टरसाहेब आले आणि त्यांची बायको अशीच माझ्याकडे येऊ लागली. आम्ही तिला पास्टरबाई म्हणतो. सोलापूरकडची, ज्वारीच्या मुलखातली, वयानं माझ्या लेकीएवढी. दारात "सलाम, मावशी" म्हणायची आणि मी "ये" म्हणायच्या आधीच चप्पल काढायची. बसली की तिचे डोळे फिरायचे. भिंती, छत, मागचं दार, दारापलीकडचं परस. एकदा तर सरळच विचारलं, "मावशी, मागं जागा बरीच आहे हो. चूल तिथंच मांडता का?"

माझी शेजारीण बौद्ध घरची. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, आणि भिंतीला कान असतात म्हणतात ते आमच्याकडे हिचेच. पास्टरबाई फाटकाबाहेर पडली की ही मागच्या दारानं आत.

"काऊन आली होती वो?"

"अशीच."

"अशीच कोणी येते का? तुही जागा पाहून राहिली ते. तू एकटी, पोरगी नागपुरात. उद्या म्हणंल, बाई, चर्चले लिहून दे."

"काहीही बोलतेस!"

"मी कायले काही बोलू? परस पाहून राहिली होती, मले दिसलं न."

मी तिला गप्प केलं. पण खरं सांगू का, माझ्याही मनात तेच होतं.

त्याला कारण होतं. आमचे हे कोरोनात गेले. आयुष्यभर त्यांनी चर्च उघडलं, झाडलं, बाकं पुसली, प्रत्येकाच्या मयताला घंटा वाजवली. त्यांच्या मयताला मात्र घंटा वाजली नाही, कोणी आलंही नाही. नियम होते, भीती होती, हे मला कळतं. कळतं, पण मन ऐकत नाही ना बापा! तेव्हापासून मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि शेवटचं आशीर्वचन सुरू व्हायच्या आत उठून यायची, म्हणजे कोणी हात हातात घेऊन विचारपूस करायला नको.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. माझी प्रार्थना आटली होती. गुडघे टेकायचे, लहानपणापासूनचे पाठ शब्द म्हणायचे, पण पलीकडे कोणी आहे असं वाटायचंच नाही. रिकाम्या घराचं दार ठोठावत बसल्यासारखं. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या म्हाताऱ्या बाईनं हे सांगायचं तरी कोणाला? पास्टरबाईला? ती तर जागा पाहत होती.

शेवटी एक दिवस तिनं तोंड उघडलं. "मावशी, पूर्वी आपल्या चर्चमध्ये मुठीचा तांदूळ होता म्हणे. तो परत सुरू करायचा विचार आहे."

होता तर. माझी आई करायची. चुलीवर आधण ठेवलं की शिजवायच्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, देवाच्या नावानं. रविवारी तो डबा चर्चमध्ये. तिथून तो तांदूळ गावोगाव पायी फिरणाऱ्या प्रचारकाच्या घरी जायचा. पुढे प्रचारकाला पगार झाला आणि मूठ बंद पडली.

"कर ना मग," मी म्हटलं.

"ठेवायला तुमचं घर हवं होतं."

घ्या! म्हणजे शेजारीण अगदीच चुकली नव्हती. जागा हवीच होती.

"माझंच घर काऊन?"

"तुमच्याकडे मांजर आहे," ती म्हणाली. "आमच्या घरात उंदीर फार."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. हसत नव्हती. मला मागच्या बाकावरून ओढून पुढे आणायचा हा डाव आहे, एवढं मला समजत होतं. तरी हो म्हटलं. म्हटलं, तांदूळ आपल्या घरात असला म्हणजे पुढे तो कुठे जातो ते आपल्याला दिसेल.

मग रविवारी उपासना सुटली की बाया डबे घेऊन माझ्या परसात येऊ लागल्या. आणि काय सांगू, देवाच्या नावाचा डबा, पण प्रत्येकीची नजर दुसरीच्या डब्यात.

"हा रेशनचा दिसते."

"आणि तुमचा काय वो? कणीच कणी."

"आमच्याकडे उसनाच खातेत, तं उसनाच आणू न!" उसना म्हणजे आमच्याकडचा उकडा तांदूळ.

एकीच्या शेतात चिन्नोर हा वासाचा तांदूळ पिकायचा. ती झाकण अशी सावकाश उघडायची की वास भिंतीपलीकडे जावा. आणि एक दिवस त्यांच्यातलीच एक मला हसत हसत म्हणाली, "बाई, तुम्ही चांगला तांदूळ वेगळाच ठेवत असाल, नाही?"

हसत म्हणाली, पण मला लागलं. दुसऱ्यावर शंका घेणाऱ्या माणसाला स्वतःवर घेतलेली शंका फार झोंबते. मी तिथल्या तिथे सगळे डबे एका कोठीत रिकामे केले. रेशनचा, उसना, कणी, नवा, जुना, चिन्नोर, सगळा. आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळला. म्हटलं, आता सांगा कोणाचा कोणता!

दर रविवारी असंच करत गेले. तांदूळ कोणा गरजूच्या घरी कोरडाच जाईल असं मी धरून चालले होते. पण कोठी भरत आली तेव्हा पास्टरबाईनं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "येत्या रविवारी आपण भात शिजवू आणि सरकारी दवाखान्यात पेशंटसोबत राहिलेल्या माणसांना नेऊन देऊ. खेड्यांवरून येतात बिचारे, बिस्किटांवर दिवस काढतात."

धानाच्या मुलखात जन्म गेला माझा. उसना तांदूळ किती वेळ खातो आणि नवा तांदूळ किती लवकर गळतो, हे इथल्या परकरातल्या पोरीलाही कळतं. मी सगळ्यांना एका कोठीत कोंबून बसले होते. आणि मिसळलेला तांदूळ काही निवडता येत नाही.

शनिवारी माझ्या परसात एक भांडं शिजवून पाहिलं. चार बाया भोवती उभ्या. एक घास पेज, दुसरा घास खडे. पास्टरबाईनं एक घास तोंडात घातला, बराच वेळ चावला.

"मावशी, इकडचा भात असाच असतो का?"

ती भोळेपणानं विचारत होती की टोमणा मारत होती, मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मागून मात्र हळू आवाज आला, "कोठी कोणाकडे होती?"

मी मनात ठरवून टाकलं. हा तांदूळ गुरांपुढे गेला, तर त्या चर्चची पायरी परत चढायची नाही. नागपूरला लेकीकडे जाऊन राहायचं, झालं. आणि ठरवताना डोळे भरून आले, ते त्या तांदळासाठी नाही. एवढ्या रविवारांत काहीतरी झालं होतं. सकाळी आधण ठेवून मी मूठ काढायची आणि मुठीतला तांदूळ डब्यात टाकण्याआधी क्षणभर थांबायची. शब्द नाही, काही नाही. पण त्या थांबण्यात घर रिकामं वाटायचं नाही. तेवढंच माझ्या हाती परत लागलं होतं, आणि तेही आता जाणार होतं.

तेवढ्यात भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं.

"दळून टाका न वो! आयते करा. पिठाले कोण विचारते, तू कोणाच्या शेतातली?"

आयते म्हणजे आमच्याकडचे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार घावन. पास्टरबाईनं ते कधी खाल्लेही नव्हते. पण बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. चिन्नोरवाली म्हणाली, "माझ्याकडे मोठा तवा आहे." आणि कोठी गिरणीवर गेली.

रविवारी निघताना शेजारीण पदर खोचून फाटकात हजर.

"तू कुठे?"

"तुमच्यासंगं. तुम्ही लोकाईले काय करता ते पाहतो न मी."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर झाडाखाली तवा मांडला. पास्टरबाईनं आधीच बजावलं होतं: पत्रकं वाटायची नाहीत, उपदेश करायचा नाही, खायला द्यायचं आणि यायचं. सोबत टमाट्याची चटणी. वास सुटला, माणसं बाहेर आली, पण लांबच उभी. एका माणसानं विचारलं, "कोणत्या पार्टीकडून?"

"कोणत्याच नाही."

"मंग फुकट काऊन? यात काय टाकलं?"

दुसऱ्यानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. "किरिस्तान आहेत. पह्यले खाना, फिर पानी पिलाते." पाणी पाजणं म्हणजे बाटवणं, हे इथं सगळ्यांना कळतं. मी मान खाली घालून तव्यावरचा आयता उलटला.

शेजारणीनं माझ्या हातातून उलथनं ओढून घेतलं. "अरे ए मोबाइलवाल्या! नीट घे फोटो. मी जय भीमवाली. जन्म गेला इच्या शेजारी, इनं मले पाणी पाजलं तं फक्त उन्हाळ्यात." आणि तव्यावरचा पहिला आयता तिनं तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, मिटक्या मारत. "मीठ कमी आहे," म्हणाली.

कोणीतरी हसलं. मग एक हात पुढे आला, मग दुसरा. पीठ, पाणी, मीठ, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर कालवलं जात होतं. शंका घ्यायला जागा तरी कुठे होती? मोबाइलवाला मात्र शेवटपर्यंत शूटिंग करत राहिला. दोन आयते खाऊनसुद्धा.

भांडी आवरताना एक म्हातारी माझ्याजवळ सरकली. माझ्याच वयाची, जवळच्याच खेड्यातली. सुनेचं बाळंतपण होऊन ताप उतरत नव्हता. पदराआडून हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या देवाले माह्या सुनेसाठी काही सांगा न."

मी तिच्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. खरंच मागते आहे की कोणी पाठवली आहे हिला? आजकाल काय सांगावं! उद्या तेच शूटिंग गावभर फिरेल.

"घरी गेल्यावर सांगतो," मी म्हटलं. ती मान हलवून निघून गेली. मला वाटतं, तिला ते खोटं वाटलं असावं.

मलाही वाटलं होतं. पण संध्याकाळी आधण ठेवलं, मूठ काढली, आणि ती म्हातारी डोळ्यांपुढून हलेना. मी तिथेच चुलीपुढे बसले आणि बोलले. पाठ केलेलं काही नाही. अरे देवा, त्या पोरीचा ताप उतरव, लेकरू तान्हं आहे, सासू म्हातारी आहे, दोघींना कोणी नाही. बोलता बोलता भांड्यातलं पाणी आटून गेलं, तेव्हा भानावर आले. कोणी ऐकलं की नाही, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी दार ठोठावल्यासारखं नाही, आत बसून बोलल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी तवा घेऊन गेलो तर त्या दोघी नव्हत्या. आत जाऊन चौकशी केली, तर नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण लागता?" मी म्हटलं, "कोणीच नाही." तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग सांगितलं, गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

पास्टरबाईला हे सांगायचं म्हणजे माझी सगळी गोष्ट सांगणं आलं, आटलेल्या प्रार्थनेपासून. मी तिला गोंदियाला जाणाऱ्या एसटीत सांगितलं, खिडकीकडे तोंड करून. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. का बोलली नाही, याचीही मला थोडी शंका आलीच. मग दिसलं, तीही पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

म्हातारी वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. आधी पिशवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काऊन आल्या इतक्या दूर?"

"पाहायला. कशी आहे?"

"तसाच आहे ताप. कमी-जास्त होते." मग डोळे बारीक करून, "घरी जाऊन सांगितलं होतं का खरंच?"

"रोज सांगतो."

"मंग आता मोठ्यानं सांगा. माह्यासमोर. मले ऐकू द्या काय सांगता ते."

पास्टरबाई मागे सरकली. मी म्हातारीजवळ फरशीवर बसले, तिचा हात धरला. आजूबाजूला माणसं जाऊन-येऊन राहिली होती, कोणाकोणाच्या हातात मोबाइल होता. मी एकच डोळा मिटला, दुसरा उघडा ठेवला, आणि मोठ्यानं बोलायला लागले.