दहावा शब्द

“दहा माणसं नसली की जमात नसते, नुसती वस्ती असते.”

ठाण्याच्या आमच्या प्रार्थनालयाच्या ओसरीत, भरल्या लोकांत, माझे काका हे वाक्य बोलले. त्या दिवशी माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. हातात खजुराची वाटी घेतलेली माणसं हसली. काही जणांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. आजोबा नोकरीसाठी कोकणातून औरंगाबादेत आले आणि आम्ही इथलेच झालो. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण मी सांगतोय ते तेव्हाचं. वडील गेले की दरवर्षी त्या तिथीला मुलानं त्यांच्यासाठी काद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाचा प्रार्थनापाठ, म्हणायचा असतो, आणि तो म्हणायला दहा प्रौढ पुरुष उभे असावे लागतात. नऊ चालत नाहीत. शहरात आम्ही मला धरून सहा होतो. म्हणून दरवर्षी आईला घेऊन ठाण्याला जायचं, काकांच्या घरी उतरायचं आणि काकांचं ऐकायचं.

काकांना माझा धंदाही पसंत नव्हता. मी अजिंठ्याजवळ फर्दापूरच्या थांब्यावर दुसऱ्यांच्या जीपा धुतल्या, मग चालवल्या, मग स्वतःची घेतली. अजिंठा, वेरूळ, लोणार, जमलं तर पार हंपीपर्यंत. रस्ता दिसला की मला बरं वाटतं, त्याला मी काय करू? काका म्हणायचे, “जमात काही गाडीच्या चाकाला बांधता येत नाही. एका जागी बसावं लागतं.”

तिसऱ्या वर्षी त्यांनी जेवताना विषय काढला. “वहिनींना आता इथंच राहू दे. तिथं त्या एकट्या. तू सदा रस्त्यावर.”

आई ताटाकडे बघत राहिली. गारखेड्यातलं दोन खोल्यांचं घर, शेजारची खाला, शिवणकामाचं मशीन, ओळखीच्या पोरीबाळी, एवढ्यात तिचं सगळं होतं. ठाण्यात तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि काकांसमोर ती नाही म्हणत नसे.

माझं डोकं फिरलं. मी ताट पुढे सरकवलं आणि म्हणालो, “पुढच्या वर्षी काद्दीश आमच्या घरी होईल. दहा माणसांत. झाला, तर आईचा विषय परत काढायचा नाही.”

“आणि नाही झाला?”

“तर तुम्ही म्हणाल तसं.”

काका हसले. “मी येईन बघायला. पण मला धरू नकोस त्यात.”

“नाही धरणार,” मी म्हणालो. सौदा तोंडातून गेला की गेला. जिना उतरतानाच मला कळलं की मी काय बोलून बसलोय.

वर्षभर प्रयत्न केले. पुण्याच्या ओळखीच्यांना पत्रं टाकली. कुणाची रजा नाही, कुणाचा गुडघा दुखतो. तिथीच्या आदल्या दिवशी काका एसटीनं आले, आईनं केलेला चहा प्यायले आणि म्हणाले, “वहिनी, सामान फार घेऊ नका. आपल्याकडे सगळं आहे.”

आईनं रात्री पोहे निवडून ठेवले. काद्दीश झाल्यावर मलिदा करायचा होता, गोड पोह्यांचा नैवेद्य. “झाला तर करू, नाय तर तसेच खाऊ,” ती म्हणाली.

सकाळी अंधारातच जीप काढली. फर्दापूरला ठरलेलं गिऱ्हाईक सोडायचं होतं, आणि घरी बसून काकांचं तोंड बघवत नव्हतं. गिऱ्हाईक उतरवून चहा घेत होतो, तेवढ्यात पाठीवर मोठमोठ्या पिशव्या अडकवलेली चार परदेशी पोरं एका रिक्षावाल्याशी भांडताना दिसली. रिक्षावाला लेण्यांपर्यंतचं भाडं सांगत होता आणि ती पोरं आपसांत बोटांवर हिशेब करत होती. ते हिब्रू आकडे ऐकून माझ्या हातातला कप तसाच राहिला. लहानपणी आजोबांनी मला हेच आकडे शिकवले होते.

मी मध्ये घुसलो. म्हणालो, “लेणी दाखवतो, दुपारी औरंगाबादला सोडतो. फुकट.”

चौघं एक पाऊल मागे सरकले. बरोबरच होतं. मी स्वतः फुकट म्हणणाऱ्या माणसापासून दोन पावलं मागे सरकलो असतो.

“का?” त्यातल्या दाढीवाल्यानं विचारलं.

मी टपरीवर उभं राहून, डोळ्यांवर हात धरून आमच्या रोजच्या प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली. चहावाल्याला वाटलं मला चक्कर आली. दाढीवाल्यानं पिशवी खाली ठेवली. “तू? इथं?”

“इथंच. पिढ्यान्पिढ्या. आज माझ्या बापाची तिथी आहे. मला चार माणसं कमी आहेत.”

पुढं काही सांगावं लागलं नाही. चौघं जीपमध्ये चढले. आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस न करता सौदा केला आणि तो मला इतका स्वस्तात पडला की परतीच्या सबंध रस्त्यावर मी गात होतो.

सूर्य मावळायच्या आधी प्रार्थना व्हायची होती. चारच्या सुमाराला आम्ही गारखेड्यात पोचलो. शहरातले पाच जण बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते. काका कोपऱ्यात खुर्चीवर, हातात पेपर. मी चार पोरं दारातून आत ढकलली. काकांचा पेपर खाली आला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसती बघत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि खोबरं खवायला घेतलं.

“टोप्या द्या रे यांना,” मी ओरडलो.

चौथा, उंच पोरगा, हात वर करून म्हणाला, “मला नको. मी ज्यू नाही. मी जर्मन. या तिघांबरोबर फिरतोय.”

मी आंब्याची पाटी घेताना तळातला आंबासुद्धा काढून बघतो, आणि इथं अख्खी पाटी न बघता उचलून आणली होती. कुणाला एक शब्द विचारला नव्हता.

काकांनी पेपर परत वर धरला. “एसटी सातची आहे, वहिनी.”

मला वाटलं होतं मी आता काहीतरी फोडणार. पण शहरातल्या पाचांपैकी सगळ्यांत म्हातारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. त्यांना कमी ऐकू येतं. जर्मन पोराचं त्यांनी काही ऐकलं नव्हतं. “उभे राहा, बघू या,” ते म्हणाले.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेकाकडे बघून म्हणायचा. शेवटचा शब्द पडला की दहा झाले. लहानपणी मी एकदा प्रार्थनालयात एक, दोन, तीन केलं तर काकांनीच माझा कान पिळला होता.

आजोबा शब्द म्हणत गेले. माझ्यावर, पाच जणांवर, मग त्या तीन पोरांवर. नववा शब्द पडला. आजोबा पुढच्या माणसासाठी इकडे तिकडे बघू लागले. पुढं भिंत होती. ते तसेच थांबले, तोंड उघडं ठेवून, वचन अर्धवट.

मशीनवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मी काकांकडे बघितलं. लहानपणापासून रोजच्या तिन्ही प्रार्थना ज्या माणसानं एक अक्षर न गाळता म्हटल्या, त्याला ते अर्धं वचन सहन होईना. पेपरमागून दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला. आणि मग काकांनीच खुर्चीतून, सवयीनं, स्पष्ट उच्चारात, तो दहावा शब्द पुरा केला.

“झाले!” आजोबा म्हणाले.

“मी नाही,” काका उठत म्हणाले. “ठरलं होतं, मला धरायचं नाही.”

“मी कुठं धरलं?” मी म्हणालो. “मी तोंडसुद्धा उघडलं नाही. शब्द तुमचा, काका.”

दाढीवाला हसू दाबत होता. काका लाल झाले. तेवढ्यात आई दारातून म्हणाली, “भावजी, भाऊ तुमचाच हाय ना? मग उभं राहा की.”

काका उभे राहिले. मी काद्दीश म्हटला. पहिल्यांदाच माझ्या वडिलांच्या घरात, त्यांनी भिंतीवर लावलेल्या प्रार्थनेच्या चौकटीसमोर. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. तसा तो जावा हीच इच्छा होती.

जर्मन पोरगा ओट्यावर खालाशी बसला होता. मलिदा आला तेव्हा ती त्याला समजावत होती, “हमारे दर्गे पे बी मलिदाच बनता, बेटा. खा, शरमा नक्को.” त्यानं तीनदा घेतला. पहिली ताटली मात्र मी काकांना दिली. ती त्यांनी गुपचूप घेतली.

आईचं सामान भरलंच नव्हतं, त्यामुळे काढायचा प्रश्न आला नाही.

सातच्या एसटीसाठी मी काकांना स्टँडवर सोडायला निघालो. ते पुढच्या सीटवर बसले. क्रांती चौक मागे पडला. मग समोर बघत म्हणाले, “इतकी वर्षं येतोय, वेरूळ काही बघितलं नाही मी.”

“उद्या नेतो.”

“भाडं?”

मी सांगितलं. एका परदेशी पाहुण्याला सांगतो तेवढंच.

“अरे, घरचा माणूस आहे मी!”

“आहातच,” मी म्हणालो आणि जीप वळवली. काकांनी घरापर्यंत घासाघीस केली. मी एक पैसा सोडला नाही.